पिकले तिथे टिकले नाही

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी अभिलेखागारात १६ मिलिमीटर फिल्मचे काही तुकडे सापडले. कोणता दोन-चार सेकंदांचा, कोणता थोडा लांब. साठच्या दशकात तिथल्या सेन्सॉरने 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतून ते कापून काढले होते. लहान मुलांनी पाहू नयेत असे हे प्रसंग: कुठे सुऱ्याचा वार, कुठे गळ्याभोवती आवळला जाणारा फास, कुठे तोंड वासून एका बाईवर विषारी वायू सोडणारे दोन पुरुष. कापलेला तुकडा फेकायचा नाही, कागदपत्रांसोबत जपायचा, अशी तिथली रीत होती. त्या रीतीमुळे तुकडे राहिले. ज्या भागांतून ते कापले होते, त्यांपैकी कितीतरी भाग मात्र नाहीसे झाले. 'फ्युरी फ्रॉम द डीप' या १९६८च्या सहा भागांच्या कथेचा तर एकही भाग पूर्ण उरलेला नाही. तिची जी काही हलती चित्रे आज पाहता येतात, त्यांत सेन्सॉरच्या या कात्रणांचा मोठा वाटा आहे. मुलांच्या नजरेआड करायचे म्हणून जे काढले, तेच नजरेला उरले.

हे तुकडे पहिल्यांदा पाहिले, तेव्हाच या पुस्तकाचा विषय माझ्या मनात पक्का झाला. 'डॉक्टर हू'वर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. नट, लेखक, राक्षस, अवकाशयाने, सगळ्यांवर. मालिकेच्या परदेशी प्रक्षेपणाला त्यात बहुधा शेवटच्या परिशिष्टात जागा मिळते: अमुक देश, तमुक साल, इतके भाग. मला ते परिशिष्ट उचलून मध्यभागी ठेवायचे आहे. या मालिकेचे जे जुने रूप आज जगापाशी आहे, ते ती घराबाहेर पडली म्हणून आहे. जिथे ती जन्मली तिथे तिला जपले गेले नाही. जिथे ती चार दिवसांची पाहुणी म्हणून गेली, तिथल्या कपाटांनी तिला सांभाळले. पिकते तिथे विकत नाही, असे आपण म्हणतो. इथे पिकले तिथे टिकलेही नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरून आलेला, काळात आणि अवकाशात भटकणारा प्रवासी. त्याचे यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरच्या निळ्या पोलीस पेटीसारखे दिसते आणि आतून अवाढव्य असते. मरणाच्या दारी पोहोचला की तो देह बदलतो, म्हणजे नट बदलतो आणि मालिका पुढे चालू राहते. पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे लक्ष बातम्यांकडे होते, काही भागांत वीजही गेली होती. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

ही मालिका पक्की ब्रिटिश म्हणून ओळखली जाते, पण तिच्या जन्मवेळी खोलीत असलेली माणसे पाहा. कल्पना उचलून धरणारे, बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडातल्या टोरांटोचे. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, त्या काळच्या बीबीसीत नाट्यनिर्मिती करणारी तरुण स्त्री. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेले, मुंबईत बालपण गेलेले, १९४६ मध्ये आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलेले. कादंबरीकार आतिया हुसेन या त्यांच्या आई. पडद्यावर डॉक्टरला पहिल्यांदा ज्याने उभे केले, त्या माणसाच्या लहानपणात आपल्या मुंबईचा समुद्र होता. परदेशाचा धागा असा अगदी मुळापासूनच या मालिकेत विणलेला आहे.

आता या पुस्तकाच्या खऱ्या नायकाची ओळख करून द्यायला हवी. तो नायक म्हणजे फिल्मचे रीळ. साठच्या दशकात 'डॉक्टर हू'चे भाग स्टुडिओत दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर मुद्रित होत. ती टेप अतिशय महाग असे. एका टेपवरचे पुसून दुसरे मुद्रित करायचे, हीच पद्धत होती. शिवाय ही टेप परदेशी केंद्रांच्या फारशी कामाची नव्हती, कारण प्रत्येक देशाची यंत्रे आणि चित्ररेषांचे मान वेगळे. सिनेमाची फिल्म चालवणारे यंत्र मात्र जगातल्या जवळजवळ प्रत्येक केंद्रात होते. म्हणून बीबीसीत एका खास पडद्यावर टेप चालवायची आणि त्या पडद्याचेच १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रण करायचे. याला टेलिरेकॉर्डिंग म्हणत. पंचवीस मिनिटांच्या एका भागासाठी नऊशे फुटांहून अधिक फिल्म लागे. ती एका गोल डब्यात मावे. चित्र थोडे मऊ पडे, हालचालीतला स्टुडिओचा ताजेपणा जाई. पण हा डबा जहाजातून, विमानातून कुठेही जाऊ शके. टेप घरी राहिली आणि पुसली गेली. फिल्म प्रवासाला निघाली आणि तिच्यातले काही वाचले. सगळी कथा या एका तांत्रिक फरकावर उभी आहे.

मालिका परदेशात सर्वांत आधी पोहोचली न्यूझीलंडला. १८ सप्टेंबर १९६४ रोजी क्राइस्टचर्चच्या केंद्राने पहिला भाग दाखवला. तेव्हा त्या देशातली केंद्रे एकमेकांना जोडलेली नव्हती. एका शहरात भाग दाखवून झाला की तेच रीळ पुढच्या शहरात जाई. ऑकलंड, वेलिंग्टन, डुनेडिन यांची पाळी एकामागून एक येई. मालिका देशभर 'प्रसारित' झाली असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती गावोगावच्या जत्रांना जाणाऱ्या तंबू सिनेमासारखी हिंडली.

जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियात ती सुरू झाली आणि त्याच महिन्यात कॅनडात. न्यूमन यांच्या मायदेशाने तिला फार काळ ठेवले नाही. कॅनडाच्या सरकारी वाहिनीने पहिल्या पाच कथा, म्हणजे २६ भाग, दाखवले आणि ती थांबली. ऑस्ट्रेलियाने मात्र तिला घरची केली. कात्री घेऊनच, पण घरची केली. तिथला सेन्सॉर प्रत्येक कथा तपासे. मुलांच्या वेळेत चालणार नाही असा शेरा पडला की कापाकापी तरी होई, नाहीतर कथाच बाजूला पडे. 'द डालेक्स मास्टर प्लॅन' ही बारा भागांची प्रचंड कथा याच अडथळ्यावर अडली. पुढे ती कोणत्याच देशाला विकली गेली नाही. परिणाम काय झाला? इतर कथांच्या प्रती जगभर पांगल्या, हिच्या पांगल्याच नाहीत. म्हणून दूर देशीच्या एखाद्या केंद्रातून ती परत येईल, अशी आशा इतर कथांबाबत जेवढी धरता येते तेवढी हिच्याबाबत धरता येत नाही. प्रवास न करणे हाच तिचा घात ठरला.

याच काळात डबे नायजेरियात गेले, हाँगकाँगला गेले, सायप्रसला गेले. काही कथा अरबी भाषेत बोलू लागल्या. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या मुलाला पोलीस पेटी रोज शाळेच्या वाटेवर दिसे. ती वस्तू इतकी ओळखीची, की तिच्या आत अख्खे विश्व लपले आहे ही कल्पना त्याला थरारून सोडी. ज्या देशात रस्त्यावर अशी पेटी कधी नव्हतीच, तिथल्या मुलासाठी पेटी आणि यान दोन्ही सारखीच अद्‌भुत होती. त्याला 'ओळखीच्या वस्तूचे गुपित' मिळाले नाही, त्याऐवजी एक नवीच निळी वस्तू मिळाली. आज पेट्या ब्रिटनच्या रस्त्यांवरूनही जवळपास गेल्या आहेत. म्हणजे तिथली आजची मुलेही ती तशीच पाहतात, जशी साठच्या दशकात परदेशी मुलांनी पाहिली.

एकच मालिका, पण प्रत्येक देशाचा डॉक्टर वेगळा, हे या पुस्तकाचे दुसरे सूत्र. ब्रिटनमध्ये ती आठवड्यातून एकदा येई. कथेचा भाग नेमका संकटाच्या टोकावर थांबे आणि मुले सात दिवस तगमगत. ऑस्ट्रेलियात पुढे ती संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास लागोपाठच्या दिवशी दाखवली जाऊ लागली. तिथल्या मुलांची तगमग एका दिवसाची, पण डॉक्टर त्यांच्या रोजच्या जेवणाआधीच्या वेळेचा सोबती झाला. जर्मनीत १९८९च्या अखेरीस एका खासगी वाहिनीने सुरुवात केली ती थेट सातव्या डॉक्टरपासून, सिल्व्हेस्टर मकॉयपासून. तिथल्या प्रेक्षकांच्या लेखी तोच पहिला. मालिकेच्या इतिहासाचा अधिकृत क्रम कागदावर एक असतो आणि माणसांच्या आठवणीत अनेक असतात. परदेशी प्रक्षेपणाचा अभ्यास करताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

अमेरिकेची कहाणी सर्वांत वळणांची आहे. १९७२ मध्ये टाइम-लाइफ कंपनीने तिसरे डॉक्टर जॉन पर्टवी यांच्या रंगीत कथा तिथे विकायला घेतल्या. प्रतिसाद बेताचाच मिळाला. १९७८ मध्ये त्यांच्यानंतरचे डॉक्टर टॉम बेकर यांचे ९८ भाग आले. जाहिरातींसाठी वेळ काढायचा म्हणून त्यांतून मिनिटे कापली गेली आणि अमेरिकी प्रेक्षकांना कथेचा धागा सापडावा म्हणून हॉवर्ड दा सिल्वा या नटाच्या आवाजात निवेदन जोडले गेले. व्यापारी वाहिन्यांवर हे फारसे रुजले नाही. रुजले ते लोकवर्गणीवर चालणाऱ्या सार्वजनिक केंद्रांवर. या केंद्रांनी कथेचे सगळे भाग एकत्र जोडून शनिवारी रात्री उशिरा सलग सिनेमासारखे दाखवायला सुरुवात केली. वर्गणी गोळा करण्याच्या मोहिमेत डॉक्टरचे चाहते फोनवर बसत आणि चाहतेच पैसे देत. ब्रिटनमध्ये परवाना शुल्कातून, म्हणजे सक्तीच्या पैशातून, चालणारी मालिका अमेरिकेत लोकांनी स्वखुशीने, खिशात हात घालून चालवली. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

या प्रेमाची परतफेडही झाली. मालिकेला वीस वर्षे झाली तेव्हाचा खास भाग, 'द फाइव्ह डॉक्टर्स', २३ नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेतल्या काही केंद्रांवर दाखवला गेला. ब्रिटनने तो दोन दिवसांनी पाहिला. मालिकेच्या वाढदिवशी केक परक्या घरी कापला गेला. चार वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९८७च्या रात्री, शिकागोच्या सार्वजनिक केंद्रावर 'हॉरर ऑफ फँग रॉक' चालू असताना कुणीतरी लहरींवर कब्जा केला आणि मुखवटा घातलेला एक माणूस सुमारे दीड मिनिट पडद्यावर नाचत-बडबडत राहिला. तो कोण, हे कधीच उघड झाले नाही. पण त्या रात्रीच्या घरगुती ध्वनिचित्रफिती आहेत, कारण कितीतरी लोक तो भाग टेपवर उतरवून घेत होते. ही सवयही पुढे उपयोगी पडायची होती.

शेजारी कॅनडात १९७६ मध्ये ओंटारियोच्या शैक्षणिक वाहिनीने मालिकेला पुन्हा बोलावले. भाग संपल्यावर तिथे चर्चा असे. काही काळ ती चर्चा विज्ञानकथालेखिका ज्युडिथ मेरिल करीत. आज पाहिलेल्या गोष्टीत विज्ञान किती, कल्पना किती, माणसाबद्दल ती काय म्हणते, हे त्या मुलांशी आणि मोठ्यांशी सारख्याच आदराने बोलत. मालिका विकत घेऊन दाखवणे वेगळे आणि तिच्याशी संवाद मांडणे वेगळे. त्या वाहिनीने दुसरे केले.

आता दुःखाचे प्रकरण. कलाकारांच्या संघटनेबरोबरच्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. घरी पाहण्याच्या कॅसेटींचा बाजार अजून जन्मायचा होता. १९७० मध्ये 'डॉक्टर हू' रंगीत झाली. न्यूझीलंड १९७३ मध्ये आणि ऑस्ट्रेलिया १९७५ मध्ये रंगीत झाले. काळ्या-पांढऱ्या भागांना गिऱ्हाईक उरले नाही. टेपा तर आधीपासूनच पुसल्या जात होत्या. १९७२ ते १९७८ या काळात परदेशी विक्रीसाठी ठेवलेल्या फिल्मही मोठ्या संख्येने नष्ट केल्या गेल्या. हे कुणी दुष्टपणाने केले नाही. जागा कमी होती, हक्क संपले होते, कागदावर त्या रिळांची किंमत शून्य होती. चालू घडीच्या हिशेबात जे बसत नाही ते ठेवण्याची जबाबदारी तोवर कुणाच्याच नावावर नव्हती. मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी शंभराहून अधिक भाग अशा रीतीने घरातून गेले.

परदेशी केंद्रांशी झालेल्या करारांचा साचा साधारण असा असे: इतक्या मुदतीत इतक्या वेळा दाखवा, मग रीळ परत करा, सांगितलेल्या देशाला पुढे पाठवा किंवा नष्ट करून तसे लिहून कळवा. बहुतेकांनी यांतले काहीतरी एक केले. काहींनी काहीच केले नाही. त्या काहींमुळे आपल्यापाशी आज काय आले, ते पाहा. १९८४च्या सुमारास सायप्रसमधून 'द रेन ऑफ टेरर'चे भाग मिळाले. त्याच सुमारास नायजेरियातून 'द वॉर मशीन्स' आणि 'द टाइम मेडलर' यांच्या प्रती परतल्या. १९९१च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका वाहिनीकडून 'द टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग आले. ही कथा कायमची गेली असे सर्वांनी धरले होते. १९९९ मध्ये 'द क्रुसेड'चा पहिला भाग न्यूझीलंडमध्ये एका संग्राहकाकडे निघाला. आणि २०१३ मध्ये जाहीर झाले, की शोधक फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस शहराच्या प्रक्षेपण केंद्रात रिळांचे डबे मिळाले आहेत. त्यांतून 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' पूर्ण झाली आणि 'द वेब ऑफ फिअर' एक भाग वगळता परत आली. हरवलेल्या भागांचा आकडा त्या दिवशी १०६ वरून ९७ वर उतरला.

रंगांचीही अशीच गोष्ट. पर्टवी यांच्या काळातले अनेक भाग बीबीसीकडे फक्त काळ्या-पांढऱ्या फिल्मवर उरले होते. रंग उत्तर अमेरिकेत गेलेल्या टेपांवर होते. 'द डेमन्स' या १९७१च्या कथेच्या पाचपैकी चार भागांचे रंग तर एका अमेरिकी चाहत्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या केंद्रावरून घरच्या यंत्रावर उतरवून ठेवलेल्या मुद्रणातून घ्यावे लागले. फिल्ममधले स्पष्ट चित्र आणि घरगुती टेपेतले रंग एकमेकांवर बसवून १९९२ मध्ये ती कथा पुन्हा रंगीत झाली. आकार ब्रिटनचा, रंग अमेरिकेचा.

पुढचा काळ मी तुलनेने लवकर ओलांडला आहे, कारण त्यात रिळे नाहीत. १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६चा दूरचित्रपट कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये चित्रित झाला आणि अमेरिका-कॅनडात ब्रिटनच्या आधी दिसला. २००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली. २३ नोव्हेंबर २०१३ रोजी 'द डे ऑफ द डॉक्टर' हा पन्नाशीचा भाग ९४ देशांत एकाच क्षणी दाखवला गेला. २०२३ पासून काही काळ मालिका डिस्ने प्लसमार्फत ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरच्या जगात एकदम पोहोचत होती. क्राइस्टचर्च ते डुनेडिन जायला जिथे रिळाला महिने लागत, तिथे आता दिवसाचाही फरक उरला नाही. सोय झाली, यात शंका नाही. पण एक विचारावेसे वाटते. सगळे जग एकाच ठिकाणाहून पाहते, तेव्हा उद्या ते ठिकाण बंद पडले तर कुठल्या कपाटात डबा असेल?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुणीही पाहू शकत नाही. त्याच्या पुढच्याच वर्षीचा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' पाहता येतो. यातला एक राहिला आणि एक गेला, त्याचे कारण चित्रपटाच्या गुणात शोधून सापडणार नाही. कुणीतरी प्रत ठेवली किंवा कुणी ठेवली नाही, एवढेच. परक्या देशाची ही मालिका मी मराठीत मांडते आहे ती याच जाणिवेपोटी. तिचा इतिहास तपशीलवार नोंदलेला आहे. आपल्या कितीतरी गोष्टींचा तसा नाही. एका घराने काय गमावले आणि कसे परत मिळवले, हे नीट पाहिले तर आपल्या घरातली कपाटे कुठून उघडायची हे कळू शकते.

पुस्तकाची मांडणी देशांप्रमाणे केली आहे, सालांप्रमाणे नाही. प्रत्येक प्रकरणात तीन गोष्टी शोधल्या आहेत: रीळ तिथे कसे पोहोचले, तिथल्या लोकांनी ते कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कात्रीतून पाहिले, आणि शेवटी त्याचे काय झाले. कथांची नावे मूळ इंग्रजीच ठेवली आहेत, कारण डब्यांवर तीच लिहिलेली होती.

'द वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग जोसमधून आला नाही. त्याचा आवाज आहे, कारण ब्रिटनमधल्या चाहत्यांनी हरवलेल्या सगळ्याच भागांचे आवाज घरी ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. काही स्थिर छायाचित्रेही आहेत. चित्र नाही. हे पुस्तक लिहिताना मी तो भाग अनेकदा नुसता ऐकला. ऐकताना डोळ्यांपुढे येई तो त्या कथेचा बोगदा नव्हे, तर कुठल्याशा लहान केंद्रातला एक कारकून. त्याच्या टेबलावर पत्र आहे: रीळ नष्ट करा आणि कळवा. तो डबा उचलतो, क्षणभर हातात धरतो आणि पुन्हा फळीवर ठेवून देतो. त्याचे नाव कुठल्याही नोंदीत नाही. हे पुस्तक त्याचे आहे.